‘यू अँड मी’ने काय घोडं मारलंय?

‘इंग्रजीतल्या पाच लाजिरवाण्या चुका’ हा फॉरवर्ड आता भाचीच्या वहीत लाल शाईने उतरलाय, म्हणून हे लिहावं लागतंय.

चौथा मुद्दा आधी, कारण तो धडधाकट इंग्रजी बिघडवतो. ‘कायम यू अँड आय म्हणा, यू अँड मी गावंढळ वाटतं.’ कायम? (इथला ‘मी’ एम-ई वाला, म्हणजे आपला ‘मला’.) आय फक्त कर्त्याच्या जागी. कर्म असेल किंवा आधी प्रिपोझिशन (टू, बिटवीन, अबाउट असा शब्द) असेल, तर मी. शंका आली की जोडीदाराला वाक्यातून बाहेर काढायचं. ‘ही इन्व्हायटेड रवी अँड आय’ मधून रवी गेला की उरतं ‘ही इन्व्हायटेड आय’. कानाला खटकलं ना? मग ‘रवी अँड मी’. ‘रवी अँड आय वेन्ट’ मधून रवीला काढलं तरी ‘आय वेन्ट’ शाबूत राहतं. ‘बिटवीन’ला दोघं लागतातच, तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे ‘वी’ आणि ‘अस’ घालून बघा. बिटवीन अस म्हणतात, बिटवीन वी नाही, म्हणून बिटवीन यू अँड मी. मराठीत ‘हे तुझ्यात आणि मी राहू दे’ कोणी म्हणतं का? होतं असं की, ‘मी अँड रवी वेन्ट’ म्हटल्यावर एकदा ओरडा बसतो आणि पोरं ‘मी’ या शब्दालाच घाबरतात.

पहिला मुद्दा: ए-ई-आय-ओ-यू दिसलं की ‘ॲन’. दिसण्यावर नाही हो, ऐकू येण्यावर! शब्दाचा पहिला ध्वनी मोठ्याने म्हणा. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून अ युनिव्हर्सिटी, अवर मधला एच मुका, म्हणून ॲन अवर, एक्स-रे ‘ए’ने, म्हणून ॲन एक्स-रे.

दुसरा, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको. या नियमासाठी ज्यांच्याकडे हमखास बोट दाखवतात त्या रॉबर्ट लाउथ यांनी 1762च्या व्याकरणात एवढंच म्हटलंय की गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी आलेलं जास्त शोभतं. बोलण्यात मात्र शेवटी येणं हा भाषेचा कलच आहे. आणि ते सांगतानाचा त्यांचा स्वतःचा शब्दप्रयोग ‘स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’ असा ‘टू’वरच थांबतो! ‘हू आर यू टॉकिंग टू?’ बिनधास्त म्हणा.

तिसरा, ‘बट’ने वाक्य सुरू करू नये. का, ते फॉरवर्डमध्येही नाही. असा नियम नाही. दर वाक्य तसं सुरू केलं तर कंटाळा येईल, इतकंच.

पाचवा, ‘डिस्कस अबाउट’ चूक. हे मान्य करावंच लागतं. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, तो ‘वर’ इंग्रजीत घुसतो. डिस्कसला थेट कर्म लागतं, ‘डिस्कस द प्लॅन’. पण त्याखाली ‘डिस्कशन अबाउटही चूक’ हे कुठून आलं? नाम झालं की अबाउट चालतं, ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’. वहीतली तेवढी खालची ओळ खोडा, वरची राहू द्या.