चौथ्या भागाचे फोटो नाहीत, म्हणजे नाहीत

आज डॉक्टर हूची, म्हणजे बीबीसीच्या त्या जुन्या विज्ञानकथा-मालिकेची, ती क्लिप तिसऱ्यांदा आली. "डॉक्टर हूचा हरवलेला भाग सापडला!! तोही रंगीत!!" मार्को पोलो तंबूत उभा आहे, शब्दागणिक ओठ हलतायत, कॅमेरा त्याच्याभोवती गर्रकन फिरतोय. खाली टाळ्या आणि बदाम. आणि कोपऱ्यात लिहिलंय, 'मार्को पोलो, भाग चौथा'.

चौथा! अहो, खोटंच बोलायचं होतं तर निदान दुसरा भाग तरी निवडायचा.

इथल्या निम्म्या लोकांना ही कथा पाठ आहे, तरी पुन्हा सांगणार, कारण आज राग आलाय. 'मार्को पोलो' ही डॉक्टर हूची चौथी कथा. सात भाग, २२ फेब्रुवारी ते ४ एप्रिल १९६४, दर शनिवारी. सातच्या सात गायब. सातांपैकी सहा भागांचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा. मालिकेची पहिली कथाही त्याचीच. त्या काळी लंडनमध्ये जॉन क्युरा नावाचा एक गृहस्थ टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचा आणि कलाकार-दिग्दर्शकांना विकायचा. टेलिस्नॅप म्हणतात ते हेच. तेव्हा घरी कार्यक्रम टेप करायची सोय नव्हती, आपलं काम पुन्हा बघायचा तेवढाच मार्ग. हुसेनने आपल्या सहा भागांचे फोटो घेतले आणि जपून ठेवले. चौथा भाग जॉन क्रॉकेटने दिग्दर्शित केला होता, त्यामुळे हुसेनच्या संग्रहात तो नाही. आणि दुसरीकडेही कुठे तो सापडलेला नाही.

म्हणजे चौथ्या भागात त्या क्षणी पडद्यावर नेमकं काय दिसत होतं याचा एकही टेलिस्नॅप आपल्याकडे नाही. मग या क्लिपवाल्याने तंबूतला मार्को आणला कुठून? मनातून. आणि वर लिहिलं 'सापडला'.

शिवाय कॅमेरा असा फिरलाच कसा? लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ डी, जिथे हे चित्रित झालं, तो बघितलाय का कुणी फोटोत? अवजड कॅमेरे, मागे लोंबणाऱ्या जाड केबली, भिंग बदलायचं तर पुढची चकती फिरवून दुसरं भिंग समोर आणायचं. आठवड्याला एक भाग, एका संध्याकाळी, जवळजवळ सलग. टेप कापून जोडणं इतकं कटकटीचं की चुकलेलं वाक्यसुद्धा तसंच पुढे जायचं. डॉक्टर साकारणारा हार्टनेल अडखळतो, सावरतो, पुढे जातो, तेही आपल्याला प्रिय आहे. त्या स्टुडिओत नटाभोवती पूर्ण चक्कर मारली असती तर केबलीत दोन माणसं आडवी झाली असती.

बरं, भाग गेले कसे हेही लोक धड सांगत नाहीत. 'बीबीसीने जाळले' म्हणून मोकळे. पुसणं वेगळं आणि टाकणं वेगळं. मूळ चित्रण दोन इंची व्हिडिओटेपवर, टेप महाग, ती पुसून पुन्हा वापरायची हा रोजचा शिरस्ता. पण पुसण्याआधी परदेशी विक्रीसाठी मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर नक्कल काढायचे. ती नक्कल देशोदेशी फिरायची. कराराची मुदत संपली की परत पाठवा, नाहीतर पुढच्या देशाला द्या, नाहीतर नष्ट करून तसं कळवा. १९७० च्या दशकात विक्री संपल्यावर या फिल्मसुद्धा कचऱ्यात जायला लागल्या, ते १९७८ पर्यंत. पुसणाऱ्यांना वाटायचं फिल्म आहे, फिल्म टाकणाऱ्यांना वाटायचं टेप असेल. नटसंघाच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरोघरी व्हिडिओ ही कल्पनाही कुणाला नव्हती. त्या कारकुनाच्या जागी आपण असतो तर आपणही सही केली असती. हे मान्य करायला जीभ जड होते, पण केली असती.

पहिल्या सहा वर्षांचे २५३ भाग. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत आले, तेव्हा गहाळ भागांचा आकडा ९७ वर आला. काय टिकलं आणि काय गेलं यात गुणवत्तेचा काही संबंध नाही. 'वेब प्लॅनेट' या कथेचे सहाच्या सहा भाग शाबूत, त्यातल्या मुंग्यांसकट. 'मार्को पोलो' सातपैकी शून्य. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने लहान मुलांसाठी फार भीतिदायक म्हणून कापलेले तुकडे तिथल्या सरकारी दप्तरखान्यात पडून राहिले आणि १९९६ मध्ये हाती लागले. म्हणजे काही भागांचं जे मुलांना दाखवायचं नाही म्हणून ठरवलं, तेवढंच आज हलताना दिसतं. बाकीचं, जे दाखवायला योग्य होतं, ते गेलं.

आणि आवाज? गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. प्रत्येक भागाचा! बीबीसीमुळे नाही, तर शनिवारी संध्याकाळी टीव्हीशेजारी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या पोरांमुळे. बहुतेकांनी स्पीकरसमोर मायक्रोफोन धरला, म्हणून त्यात घरातली खुडबुडही आली. एखाददुसऱ्याने थेट टीव्हीच्या आतून तार काढली आणि त्या टेपा आजही ऐकताना दचकायला होतं इतक्या स्वच्छ आहेत. तेव्हाच्या पुष्कळ टीव्हींचा सांगाडा सरळ घरच्या विजेला जोडलेला असायचा, आत हात घालून तार डकवणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्याकडे 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही, त्यावर आपण दरवर्षी हळहळतो. इथे शाळकरी पोरांनी निदान आवाज तरी वाचवला.

त्या आवाजावर पुनर्रचना उभी राहते. रीकन म्हणतात ती, म्हणजे आवाज आणि स्थिर चित्रं. ज्यांना वाटतं की फोटो एकामागून एक टाकले की झालं, त्यांनी एक भाग करून बघावा.

आधी आवाज. एकाच भागाच्या दोन-तीन टेपा असतील तर सगळ्या ऐकायच्या, कारण एकीत सुरुवात कापलेली असते तर दुसरीत मधेच टेप उलटवलेली. घरगुती यंत्रांचा वेग एकसारखा नसतो. सुरुवातीचं शीर्षकसंगीत प्रत्येक भागात तेच, त्याची पट्टी आणि लांबी ठाऊक, तेव्हा ते जुळेपर्यंत वेग सुधारायचा. तेवढ्याने भागत नाही, रीळ संपत येताना वेग पुन्हा सरकतो. मग विजेचा पन्नास हर्ट्झचा गुंजारव मदतीला येतो. तो टेपवर एकोणपन्नास दिसला की समजायचं टेप दोन टक्के मंद चाललीय. म्हणून गुंजारव साफ करायचा तो वेग सुधारल्यानंतर. आधी साफ केलात तर मोजपट्टीच फेकून दिलीत. आणि फार साफ करू नका. खरखर काढता काढता वाळवंटातला वारा जातो आणि माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात.

मग कॅमेरा स्क्रिप्ट. कुठला शॉट कुठल्या कॅमेऱ्यावर, जवळचा की लांबचा, कट कुठल्या शब्दावर, हे त्यात असतं. ते आवाजाशेजारी मांडायचं आणि टेलिस्नॅप त्यात बसवायचे. पंचवीस मिनिटांच्या भागाला साधारण साठ ते सत्तर फोटो, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांना एक. मधल्या वेळात तीन माणसं बोलून जातात. मग दुसऱ्या भागातला, प्रसिद्धीसाठी काढलेला, तालमीतला फोटो आणायचा आणि चुका इथेच होतात. पोशाख नंतरच्या प्रसंगातला. नजर डावीकडे हवी म्हणून फोटो उलटवला तर अंगरख्याची बटणं दुसऱ्या बाजूला. एका धडावर दुसरीकडचं डोकं लावलं आणि उजेड उलट दिशेने. चांगला करणारा अशा वेळी काय करतो? दूरचं दृश्य टाकतो, खाली एक ओळ फिरवतो, 'तेगाना दबक्या पावलांनी बाहेर जातो' (तेगाना म्हणजे 'मार्को पोलो'तला खलनायक), आणि थांबतो. आपल्याकडे काय नाही ते लपवत नाही.

हे मला त्या क्लिपपेक्षा हजारपट मोलाचं वाटतं. लूज कॅनन नावाच्या चाहत्यांच्या गटातली मंडळी वर्षानुवर्षं हेच करत होती, व्हीएचएसवर, नफा न घेता. कोरी टेप पाठवा, भरून परत घ्या. आणि आज चाळीस सेकंदांच्या थापेला पाच हजार बदाम!

आता अ‍ॅनिमेशन. मला माहीत आहे तुमच्यातले काही जण तिथेच सुखी आहेत. २००६ ला 'इन्व्हेजन' या कथेचे दोन गहाळ भाग कॉसग्रोव्ह हॉल या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने केले, ते आजही उत्तम, कारण उरलेले सहा खरे भाग शेजारी होते आणि त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागत होतं. 'पॉवर ऑफ द डॅलेक्स' २०१६ ला आलं, मूळ प्रक्षेपणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या ५ नोव्हेंबरला. सहाच्या सहा भाग, वेळ कमी, पैसा कमी. डॅलेक, म्हणजे डॉक्टरचे ते यंत्रात बसलेले शत्रू, झकास, कारण डॅलेक घरंगळतो आणि त्याला चेहरा नाही. माणसं चालायला लागली की मात्र बघवत नाही. आणि हार्टनेलनंतरचा डॉक्टर, पॅट्रिक ट्राउटन, म्हणजे निम्मा अभिनय न बोलता. भुवई, खिशात चाचपणं, मधेच बासरी. आवाजात तिथे नुसती शांतता. ती शांतता अ‍ॅनिमेटरने कशाने भरायची? तो अंदाजाने भरतो आणि आपण तो अंदाज ट्राउटनच्या नावावर जमा करतो. 'सेलेस्टियल टॉयमेकर' २०२४ ला त्रिमितीय केलं, त्यावर मी बोलत नाही, बीपी वाढतं.

हो, अ‍ॅनिमेशनमुळे नवीन पोरं या मालिकेकडे वळली. ठीक आहे. वळली.

आणि रीकनसुद्धा फसवतं, हेही लिहून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहिणारच. 'एनिमी ऑफ द वर्ल्ड'चा एकटा तिसरा भाग हाताशी होता, बाकी फोटो आणि आवाज. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे, रटाळ आहे. २०१३ ला उरलेले पाच मिळाले आणि कळलं की हेलिकॉप्टर आहे, पळापळ आहे, ट्राउटन दोन माणसं दोन तऱ्हांनी उभी करतोय. आपलं सगळ्यांचं मत चुकलं होतं. पण ते बदललं खरे भाग मिळाले तेव्हा, कुणी मनाने रंगवले तेव्हा नाही.

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ज्यांना खरंच बघायचंय त्यांच्यासाठी.

'मार्को पोलो'पासूनच सुरू करा, पण सातही भाग एका बैठकीत नको. ही मालिका आठवड्याला पंचवीस मिनिटं बघायची म्हणून लिहिलेली आहे, रोज एक पुरे. हेडफोन लावाच. भागाचा सारांश आधी वाचून घ्या, शेवट सोडून. संवाद लागत नसले तर १९६४ ची संहिता शेजारी ठेवा. अधिकृत डीव्हीडीवर अर्ध्या तासाचं संक्षिप्त रूप आहे, ते ओळखीपुरतं ठीक, त्यावरून मत बनवू नका. २००३ च्या ऑडिओ सीडीवर विल्यम रसेलचं निवेदन आहे, डॉक्टरचा सोबती इयान साकारणारा तोच. डोळे थकले की ती ऐका.

दुसरा भाग आवाजावर तरतो. गोबीचं वाळवंट, वादळ, रात्री गाणारी वाळू, ट्रिस्ट्राम कॅरीचं संगीत. चित्र स्थिर आहे हे विसरायला होतं. तिसऱ्यात मार्कोबरोबर प्रवास करणारी पिंग-चो हुलागूची गोष्ट हातवाऱ्यांनी सांगते, तिथे नेमकं उलट. आवाज पूर्ण आहे आणि हात मात्र वीस-वीस सेकंद हवेत थबकलेले. पिंग-चो साकारणाऱ्या झिनिया मर्टनचे ते हात दोन फोटोंच्या मधे कुठून कुठे गेले, हे सांगायला आता फोटो नाही.

मग चौथा. 'वॉल ऑफ लाइज'. तेगाना मार्कोच्या कानात विष ओततोय, डॉक्टरने लपवलेली त्याच्या यानाची किल्ली पकडली जाते, शेवटी इयान रात्री पहारेकऱ्याला धरायला तंबूबाहेर पडतो आणि पहारेकरी आधीच मेलेला. आता इतर भागांचे फोटो पुन्हा पुन्हा येतील, एखादा मघाशीच बघितलेला असेल, चेहरा भलत्याच प्रसंगातला असेल. येऊ द्या. त्या पंचवीस मिनिटांत आपल्याकडे खरं आहे ते फक्त आवाज, कुणाच्या तरी घरातल्या टेपवरचा. पाचव्याला हुसेनचे फोटो परत सुरू होतात आणि एकदम खिडकी उघडल्यासारखं वाटतं. चौथ्यातली ती अडचण सोसली नाही तर पाचव्यात हे होणार नाही.

ती क्लिप मात्र मला परत पाठवू नका. चौथी पाठवलीत तर ब्लॉक.