आधी खालचे दहा फूट बघा

सांगलीच्या जुन्या गावभागात आमच्या समोरचा वाडा आता पडणार. मालकांचं आणि बिल्डरचं जमलं, आणि परवा रात्री गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या अपार्टमेंटचा फोटो आला. फोटो म्हणजे ते कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं ना, निळं आभाळ, दोन पांढऱ्या गाड्या, पाच मजले, पुढून सगळी काच आणि मधे राखाडी एसीपीचे (ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे) उभे पट्टे. तासाभरात साठ-सत्तर मेसेज पडले. एकजण म्हणाला लई भारी, आता गावभाग पण विश्रामबागेसारखा दिसणार. दुसऱ्यानं लिहिलं दगडी चौकट काढून काच लावताय, गावाची वाट लावली. मग रंगावरून सुरू झालं, राखाडी नको क्रीम पाहिजे, मग कुणी म्हटलं गणपतीचं देऊळ एवढं जवळ आहे तर पुढं कमानी तरी द्या. पोरं म्हणाली तुम्हाला सगळं जुनंच पाहिजे, आणि मोठी माणसं म्हणाली तुम्हाला सगळं पुण्यासारखंच पाहिजे.

मी सगळं वाचून काढलं आणि झोपच लागेना. कारण सगळेजण बोलत होते ते पहिल्या मजल्याच्या वरचं. त्या पांढऱ्या गाड्यांच्या मागं चित्रात नुसता काळा अंधार दाखवलाय, तिथं काय येणार, मीटर कुठं, जिना कुठून, रस्त्याच्या कडेला काय, हे एकानंही विचारलं नाही. आणि गावभागात राहणाऱ्या माणसाला बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे पुढची दर्शनी बाजू, कशी आहे यापेक्षा तिचे खालचे दहा फूट कसे आहेत यानं जास्त फरक पडतो, हे मी राहून, भोगून सांगतेय. पोस्ट लांब होणार आहे, पण आपल्या गल्लीतल्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमचा वाडा २०१३ ला पडला. मी त्या वाड्यात लग्न होऊन आले, तेव्हा चार बिऱ्हाडं होती, चौक, पुढं सोपा, मागं परडं, मातीच्या दोन-दोन फुटी भिंती. वाडा पडताना फोटो काढून हळहळणारे बरेच आले होते. आमच्या काकू (चुलत सासूबाई) त्यातल्या एकाला म्हणाल्या, "अहो, आम्ही तिघी जावांनी एका न्हाणीत पस्तीस वर्षं काढली, रात्री पावसात परड्यात संडासला जायचं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. मला माझं स्वतःचं बाथरूम पाहिजे आणि लिफ्ट पाहिजे." मला काकूंचं शंभर टक्के पटतं. तुळया वाळवीनं खाल्लेल्या, माळवद गळतंय, भाडेकरू महिन्याला चाळीस रुपये देणार, सात-बारा वारसांची तोंडं सात-बारा दिशांना, अशा घराची डागडुजी कोण करणार? त्यामुळं वाडे राखा, अपार्टमेंट नकोत असं म्हणणाऱ्यांत मी नाही. अपार्टमेंट पाहिजेत. आम्हाला पण हक्काचा फ्लॅट मिळाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम, काकूंना त्यांचं बाथरूम.

पण बिल्डिंग कशी असावी हे ठरवताना आम्ही घरातल्यांनी काय काय विचारलं होतं ते आठवलं की आता पोटात कालवतं. कार्पेट किती, सेलेबल किती, फरशी कुठली, किचनचा ओटा ग्रॅनाइटचा का, पार्किंग एक का दोन. झालं. मीटरची पेटी कुठं बसणार हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि तेव्हा २००५ चा पूर होऊन आठच वर्षं झाली होती!

मग आला २०१९. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, म्हणजे धोक्याच्या वर आणखी बारा फूट. आमच्या पार्किंगमध्ये सात फूट पाणी. आता खाली राहायची घरं नाहीत, नुसतं पार्किंग आहे, हे चांगलंच आहे, पाणी खालून गेलं आणि कुणाचा संसार भिजला नाही, वाडा असता तर सगळं गेलं असतं. ते श्रेय मी त्या डिझाइनला देतेच. पण त्याच पार्किंगच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला सोळा मीटर एका ओळीत लावलेले. पाणी गुडघ्याला आलं तेव्हाच लाइट बंद करावी लागली. लिफ्ट तळाला उभी होती, तशीच पाण्यात गेली. नंतर दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणाला, "ताई, पाणी चढायच्या आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची असती, एवढंच." एवढंच होतं, पण आम्हाला सोळा घरांत कुणाला माहीत नव्हतं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं आणि गटाराचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाहेर सगळीकडं हळूहळू लाइट आली तरी आमच्याकडं मीटर बदलून होईपर्यंत अंधारच, चौथ्या मजल्यावरचे आजोबा पंधरा-वीस दिवस खाली उतरले नाहीत, त्यांना पाणी आम्ही कळशीनं वर नेत होतो.

आणि जे मी कधी विसरणार नाही ते पहिल्या मजल्याचं. होडी आली. बचाववाल्या पोरांनी गॅलरीला लावून दोर बांधला. आणि गॅलरीला ग्रिल! पूर्ण, खालपासून वरपर्यंत, चोरांच्या भीतीनं फिक्स वेल्डिंग केलेलं. आत बाळंतीण, दहा-बारा दिवसांचं बाळ, पुढ्यात होडी आणि मधे लोखंड. जिन्यानं खाली यायचं तर जिना पाण्यात. शेवटी कुणाच्या तरी घरात हॅक्सॉ ब्लेड निघालं, दोघांनी आळीपाळीनं तीन गज कापले, पाऊण तास लागला, पाणी ओढीचं होतं आणि होडी भिंतीवर आपटत होती. ते बाळ आता शाळेत जातंय, रोज दिसतं मला. त्या ग्रिलला एक दोन फुटी झडप आणि आतून कुलूप ठेवलं असतं तर? किती खर्च आला असता? पूर गेल्यावर आम्ही सगळ्या गॅलऱ्यांना झडपा करून घेतल्या. २०२१ च्या जुलैत परत ५५ फुटांच्या आसपास पाणी आलं, तेव्हा पहिला मजला पाच मिनिटांत रिकामा झाला.

म्हणून मला त्या एसीपीच्या रंगावरच्या वादाचा त्रास होतो. माणसं वाईट नाहीत, गावावर प्रेम आहे म्हणूनच भांडतायत. पण नदी आपल्या उशाला आहे. पूररेषांच्या नकाशात निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा, असं कागदावर आहे, आणि इथं माझ्या मुलीनं शाळेत जायच्या वयात दोन बघितले.

आता रस्त्याच्या बाजूचं. आमच्या वाड्याला रस्त्याला लागून दगडी जोतं होतं, मांडीएवढं उंच, दीड हात रुंद. कुणी बांधताना लोकांसाठी म्हणून बांधलं नसेल, पण हरिपूरहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी रोज सकाळी पाटी तिथंच उतरवायच्या. मेथीच्या पेंड्या जोत्यावर मांडायच्या, खाली पोतं. साडेनऊला पाटी रिकामी. दुपारी तिथंच पोस्टमन टेकायचा, संध्याकाळी म्हातारी माणसं, रात्री गणपतीच्या दिवसांत वर्गणीची पोरं. आता तिथं काय आहे? गाड्यांसाठी चौकटीच्या फरशीचा उतार, पावसात घसरतो, लोखंडी साखळी आणि गेटसमोर गाडी लावू नये अशी पाटी. मावशी पहिले काही महिने रस्त्यावरच बसल्या, मग मागनं येणारी रिक्षा पाटीला लागली आणि त्या यायच्या बंद झाल्या. अशी एकेक करून आमच्या गल्लीत सहा अपार्टमेंट झाली. संध्याकाळी सातला गल्लीतनं चालत या, दोन्ही बाजूला पार्किंगचा अंधार, एक खिडकी रस्त्याकडं बघत नाही, एक माणूस दारात नाही. माझी मुलगी क्लासवरून येताना मारुती चौकाकडून लांबच्या रस्त्यानं येते, विचारलं का, तर म्हणाली तिकडं दुकानं उघडी असतात. पूर्वी हीच गल्ली सगळ्यात सुरक्षित होती, कारण प्रत्येक जोत्यावर कुणीतरी बसलेलं असायचं.

काचेचं जास्त बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीशी गाठतो, पश्चिमेला काच लावली आणि वर छज्जा दिला नाही की घरात भट्टी, मग प्रत्येक खोलीला एसी आणि त्यांचे डबे परत त्याच चकचकीत एलिव्हेशनवर लटकणार. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, वारा पण अर्धा. ज्यांनी आधी राहून बघितलंय त्यांना विचारा.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केला. बिल्डरला शिव्या देणं सोपं आहे. विकास आराखडा करताना सरकार लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतं, पण एकेक बिल्डिंग मंजूर करताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा असं काही नाही. रेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) साइटवर प्लॅन बघायला मिळतात म्हणतात, ते खरं आहे, पण पाचशे चौरस मीटरच्या आतला प्लॉट असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर रेराची नोंदणीच लागत नाही, आणि पेठेतले वाड्यांचे प्लॉट केवढे असतात? बहुतेक त्यातच बसतात. म्हणजे जिथं घर घराला चिकटलंय, एकाच्या भिंतीचा परिणाम दुसऱ्याच्या उजेडावर होतो, तिथंच कुणाला काही कळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची ती एकत्रित बांधकाम नियमावली आली, युडीसीपीआर, त्यात प्रीमियम भरून जास्तीचा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) मिळतो, मग तीन मजल्यांच्या जागी पाच होतात. मी त्याच्याही विरोधात नाही. वर काय वाढवायचं ते वाढवा. फक्त लोकांना कळतं कधी, तर पाया खणल्यावर, आणि मत देतात कधी, तर रंग लागल्यावर. तोपर्यंत मीटर बसलेले असतात, उतार झालेला असतो, आणि बोलण्यासारखं राहतं काय, तर राखाडी का क्रीम.

चांगलं करता येत नाही असंही नाही. खणभागात एक चार मजल्यांची बिल्डिंग झालीय, नाव लिहीत नाही, मालकांना विचारलेलं नाही. जुन्या वाड्याचे घडीव दगड फेकून न देता त्यांनी रस्त्याच्या कडेनं बसायला कट्टा केलाय, गाड्या आत घ्यायला एकच दहा फुटांचं दार ठेवलंय, बाकी सगळा पुढचा भाग कट्टा आणि त्याच्या मागं विटांची जाळी. मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर, वर. जनरेटर पण वर. गॅलऱ्या खोल, त्यामुळं पाऊस आत येत नाही. झाली तेव्हा आमच्याच ग्रुपवर लोकांनी लिहिलं होतं की साधी दिसते, सरकारी क्वार्टरसारखी. मी गेल्या आठवड्यात तिथनं गेले तर कट्ट्यावर चार बायका शेंगा फोडत बसलेल्या, शेजारी एक शाळकरी पोरगा चप्पलचा अंगठा शिवून घेत होता, कारण चांभारकाकांनी पण तिथंच पेटी मांडलीय. जाळीतनं आतला बल्बचा उजेड रस्त्यावर येत होता. मी उगाचच पाच मिनिटं थांबले.

आता समोरच्या वाड्याबद्दल. मालक आमच्या घरोब्याचे आहेत, त्यांना मी काल जाऊन भेटले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चहा केला आणि प्लॅनची गुंडाळी काढून पलंगावर पसरली. खरं सांगते, मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मीटर रूम कुठाय विचारलं, त्यांना पण सापडेना, दोघं बोट फिरवत राहिलो आणि शेवटी सापडली ती खालीच, लिफ्टच्या शेजारी. ते एकदम गप्प झाले. २०१९ ला ते स्वतः माळ्यावर दोन रात्री अडकले होते, त्यांना जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणाले, रविवारी सकाळी दहाला बिल्डर आणि आर्किटेक्ट दोघं येणार आहेत, तुम्ही पण या, अजून कुणाला यायचं असेल तर या.

तर गल्लीतल्या सगळ्यांना सांगणं आहे, रविवारी या. रंगावर आणि काचेवर मत द्यायचं असेल तर द्या, पण आधी या चार गोष्टी मागू. मीटर वर घ्या. पहिल्या मजल्याच्या ग्रिलला झडप ठेवा. वाड्याच्या जोत्याचे दगड विकू नका, त्याचा पुढं कट्टा करा, दीड हाताचा पुरे. आणि पार्किंगमध्ये रस्त्याकडचा एक दिवा रात्रभर चालू राहील असा द्या. काकू पण येणार म्हणतायत, त्यांचं वय आता ब्याऐंशी आहे, त्यांना खुर्ची लागेल, कुणीतरी घेऊन या.

आमच्या पार्किंगच्या तिसऱ्या कॉलमवर पोरांनी ऑइल पेंटनं २०१९ ची रेघ मारून ठेवलीय, खाली २०२१ ची. आज टेप लावून मोजली. रस्त्यापासून वरची रेघ सात फूट दोन इंच, खालची चार फूट अकरा. आकडे कागदावर लिहून ठेवलेत, रविवारी आर्किटेक्टच्या हातात देते.