अंगणातील वर्षावृक्षाबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

तपासणीचे 1,500 रुपये घेऊनही आम्ही आपल्या पुण्यातील बंगल्याशेजारचा वर्षावृक्ष तोडला नाही, परवानगीच्या नावाखाली दोन महिने घालवले आणि समोरच्या गल्लीतले तेवढेच मोठे झाड दुसऱ्या ठेकेदाराने एका रविवारी उतरवून दिले, असे आपण लिहिले आहे. आजोबांनी स्वतःच्या जागेत लावलेल्या झाडासाठी परवानगी कशाला, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

जागा आपली असली तरी शहरातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो आणि खासगी अंगणातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. या कायद्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर करवत चालवणे नव्हे, झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. मुळाशी आम्ल ओतून झाड आपोआप वाळू द्यावे, ही आपल्या माळ्यांची सूचना आम्ही त्याच कारणाने नाकारली. शिवाय आतून वाळलेले झाड कोणत्या वाऱ्याला कोणाच्या अंगावर येईल, ते सांगता येत नाही.

बंगला आणि झाड दोन्ही 1968 चे, असे आपणच सांगितले होते. सन 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आपल्या बाबतीत तो आकडा पन्नासच्या वर जातो. अर्जानंतर वृक्ष अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष पाहणी होते, वृत्तपत्रात व झाडावर सूचना लावून हरकती मागवल्या जातात. एका रविवारी हे सारे उरकत नाही. समोरच्या झाडासाठी परवानगी होती की नाही, हे आम्हांस ठाऊक नसल्याने त्याबद्दल काही म्हणणार नाही.

झाड मेलेले, रोगट किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असेल तर परवानगी देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. त्यामुळे आपले झाड धोकादायक आहे का, हाच खरा प्रश्न होता आणि तपासणीचे शुल्क त्यासाठीच होते. झाड बंगल्याकडे झुकले आहे खरे, परंतु हा कल जुना आहे: शेंडा पुन्हा सरळ वर वाढला आहे, झुकावाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली नाही, तिला भेगा नाहीत, बुंध्यावर अळंबी नाही आणि ठोकून पाहिल्यावर तो कुठे पोकळ वाजला नाही. गच्चीवर आलेल्या दोन जड फांद्या आणि एक वाळलेली फांदी मात्र काढायला हवी. तेवढ्याने वाऱ्याचा भार पुष्कळ कमी होईल. हे झाड उभे राहावे असे मला मनापासून वाटते, पण पाहणीत धोका दिसला असता तर तोडण्याचा अर्ज मीच भरून दिला असता.

आमची चूक अशी की, हे सारे आम्ही आपल्या घरच्या देखरेखवाल्यांना तोंडी सांगितले आणि आपल्याला लेखी कळवले नाही. दोन महिने आपण पावसाळ्याच्या तोंडावर काळजीत काढलेत, त्याबद्दल मी क्षमा मागतो. छायाचित्रांसह अहवाल आणि फांद्यांच्या छाटणीच्या परवानगीचा भरलेला अर्ज या आठवड्यात आपल्या हाती देऊ. त्यावर मालक म्हणून आपली सही लागेल. फांद्यांवर बगळ्यांची घरटी आढळल्यास पिल्ले उडेपर्यंत छाटणी थांबवावी लागेल, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अंडी व घरटी नष्ट करणे गुन्हा ठरू शकतो.

दरम्यान झाडाचा कल अचानक वाढला किंवा बुंध्याभोवतीची माती फुगलेली दिसली, तर आमची वाट न पाहता गच्चीखालची खोली रिकामी करावी आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.