यंत्र कायमचं, ऑपरेटर सात महिन्यांचा

पुण्यातल्या मित्रांशी फोनवर बोलताना हल्ली एक वाद हमखास निघतो: स्मार्ट फॅक्टरीसाठी, म्हणजे सेन्सर आणि संगणकांनी जोडलेल्या मशीनांच्या कारखान्यासाठी, भारत तयार आहे का? भोसरीत वर्कशॉप चालवणारा म्हणतो, सेन्सर लावले नाहीत तर ऑर्डरी व्हिएतनामला जातील. युनियनमधला म्हणतो, लावले तर पोरं घरी बसतील. दोघांचंही खोटं नाही. पण मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ गिअरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि इथे रोज जे पाहतो, ते या भांडणात कुठेच येत नाही.

सज्जता मोजणारी कोष्टकं भरपूर आहेत. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने २०१८ मध्ये १०० देश तपासले, तेव्हा भारत उत्पादनाच्या पायाभरणीत ३० वा होता आणि पुढच्या तयारीत ४४ वा. तंत्राची मला फारशी काळजी वाटत नाही. धातू कापणाऱ्या जुन्या लेथ मशीनलाही करंट मोजणारा सेन्सर बसतो आणि मशीन चालू की बंद ते मालकाला मोबाइलवर दिसतं.

घोडं पुढे अडतं. मशीन थांबलं की स्क्रीन कारण विचारते: टूल तुटलं, माल नाही, सेटिंग, इतर. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात पाहिलं, ऑपरेटर पोरगा स्क्रीनकडे न बघताच ‘इतर’ दाबत होता. विचारलं तर म्हणाला, “सर, ‘टूल तुटलं’ दाबलं की सुपरवायझर माझ्यावरच ओरडतो. आणि पुढच्या महिन्यात तसाही माझा ब्रेक आहे.”

ब्रेक म्हणजे चहाचा नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरले की कामगाराला नोटीस आणि भरपाईशिवाय काढता येत नसे. ते भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी पोराला काढायचं, ही रीत आपल्या पट्ट्यात मुरली. मशीनचा आवाज ओळखायला लागला की गडी गेटबाहेर. मग त्या डेटाचा अर्थ लावणार कोण?

आमच्याकडेही तीच स्क्रीन आहे. पण तिच्यासमोरच्या माणसाने साडेतीन वर्षं कारखाना आणि शाळा अशी ये-जा करत, पगार घेत शिक्षण पुरं केलेलं असतं. शिवाय कामगारावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र बसवायला इथे कामगार परिषदेची, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची, संमती लागते, तसा कायदाच आहे. आमच्या बैठका महिनोन् महिने चालल्या, मॅनेजर वैतागले. शेवटी ठरलं की माहिती माणसाच्या नावाने दिसणार नाही. तेव्हापासून खरी कारणं येऊ लागली. एका मशीनवर सोमवारी सकाळीच टूल का तुटतात, ते त्यातूनच कळलं: सुट्टीत गार पडलेलं स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) तापू न देता काम लावलं जात होतं.

जर्मनीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, इथे अजून कार्यालयांत फॅक्स सापडतो. स्मार्ट फॅक्टरीच्या या लाटेचं ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव २०११ मध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात गाजलं ते याच देशात, आणि आदिदासने आन्सबाखला थाटलेला रोबोटांचा बुटांचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला तोही इथेच.

भोसरीच्या मित्राला मी म्हटलं, आधी दोन ऑपरेटर कायम कर, मग सेन्सर घे. तो उखडलाच. “मंदीत पगार तू पाठवणार का? बिलं तीन-तीन महिने अडकतात.” लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे, आणि आता उशीर केला तर मोठ्या कंपनीला आयकरात वजावटही पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते. तरी लहान व्हेंडर तक्रार करायला कचरतो, कारण पुढची ऑर्डरही त्यांच्याच हातात.

मंदीचा त्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. इथे मंदीत कामाचे तास कमी करतात, पण शक्यतो माणूस काढत नाहीत. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी विमा देतो. २००९ मध्ये कारखान्यांनी आपले कसबी कामगार असेच टिकवले. आपल्याकडे मशीन घ्यायला अनुदान मिळतं. त्यातला थोडा हिस्सा ऑपरेटरच्या दोन वर्षांच्या पगाराकडे वळवा, मग सज्जतेचं कोष्टक पुन्हा भरू.