एक पेनीही न देणारी बेटे?

आइल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी या तीन बेटांविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की ही ब्रिटनचीच करमुक्त बेटे आहेत, त्यांचे रक्षण ब्रिटिश सैन्य करते, त्यासाठी त्यांनी आजवर एक पेनीही दिलेली नाही, आणि लंडनच्या संसदेने मनात आणले तर हा पैसा उद्याच वसूल करता येईल. या मजकुरात एक खरी तक्रार आहे आणि तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. परंतु ती ज्या विधानांवर उभी केली आहे, ती तपासली असता टिकत नाहीत.

पहिले विधान ‘ब्रिटनचीच करमुक्त बेटे’ हे. ही तिन्ही बेटे ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असली, तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत. त्यांची विधिमंडळे स्वतंत्र आहेत आणि वेस्टमिन्स्टरच्या संसदेत त्यांचा एकही प्रतिनिधी बसत नाही. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार एवढी जबाबदारी मात्र लंडनची आहे. करमुक्त म्हणावे, तर जर्सी आणि गर्न्सी येथे व्यक्तीच्या उत्पन्नावर २० टक्के कर आहे, आणि आइल ऑफ मॅनमध्ये ब्रिटनसारखाच मूल्यवर्धित कर आहे. बहुतेक कंपन्यांच्या नफ्यावर तेथे शून्य दराने कर आकारला जातो, त्यावरून सरसकट करमुक्तीचा समज पसरला असावा.

‘आजवर एक पेनीही नाही’ हे विधान सर्वांत ठाम स्वरात केले जाते आणि तेच सर्वांत चुकीचे आहे. ब्रिटिश सत्तेने १७६५ साली अ‍ॅथलच्या ड्यूककडून आइल ऑफ मॅनवरील सार्वभौम हक्क ७०,००० पाउंडांना विकत घेतले आणि तेव्हापासून बेटावरील जकातीचे उत्पन्न लंडनच्या तिजोरीत जाऊ लागले. बेटाचा कारभार भागून उरणारी शिल्लकही तिकडेच राहत असे. पुढे शंभर वर्षांनी, १८६६ मध्ये, लेफ्टनंट गव्हर्नर हेन्री लॉक यांच्या काळात तडजोड झाली. शिल्लक बेटाने स्वतःसाठी वापरावी, पण त्यातून दरवर्षी १०,००० पाउंड ब्रिटिश तिजोरीत भरावेत आणि ‘हाउस ऑफ कीज’ हे सभागृह लोकनिर्वाचित करावे, असे ठरले. थोडक्यात, आपल्या जकातीवरचा हक्क बेटाला परत मिळाला तोच वार्षिक वर्गणी कबूल करून. १९५०च्या दशकात ही ठरीव रक्कम जाऊन ब्रिटनबरोबरच्या सामायिक जकात-महसुलातील बेटाच्या निव्वळ वाट्याच्या ५ टक्के रक्कम संरक्षण व इतर सामायिक सेवांसाठी देण्याचा कायदा टिनवाल्ड या मॅन विधिमंडळानेच केला. हिशेबाची पद्धत नंतर बदलली, पण देणे बंद पडले नाही.

चॅनेल बेटांची, म्हणजे जर्सी आणि गर्न्सी यांची, रीत वेगळी होती. तेथे रोख वर्गणीपेक्षा माणसे देण्याची परंपरा जुनी आहे. जर्सीचे मिलिशिया, म्हणजे स्थानिक लोकांचे सक्तीचे लष्करी दल, शतकानुशतके अस्तित्वात होते आणि ६ जानेवारी १७८१ रोजी फ्रेंच फौज सेंट हेलियर शहरात घुसली, तेव्हा मेजर पिअर्सन यांच्या हाताखाली ब्रिटिश पलटणींच्या बरोबरीने ते लढले. पहिल्या महायुद्धात रॉयल गर्न्सी लाइट इन्फन्ट्री ही पलटण १९१७ मध्ये कांब्रेच्या आणि १९१८ मध्ये लिस नदीच्या लढाईत इतकी कापली गेली, की लहानशा बेटावरील क्वचितच एखादे कुटुंब त्यातून सुटले असेल. युद्ध संपल्यावर लंडनने खर्चाचा वाटा मागितला. दरवर्षीचे बंधन बेटांनी नाकारले, मात्र १९२७ मध्ये जर्सीने ३ लाख आणि गर्न्सीने २ लाख २० हजार पाउंड एकरकमी दिले. आपल्याकडे वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला होता. त्या मानाने आपल्याच सभागृहात मतदान करून रक्कम ठरवण्याची ही मुभा मराठी वाचकाला अप्रूपाची वाटेल.

‘रक्षण ब्रिटिश सैन्य करते’ या वाक्यातही एक मोठी फट आहे. जून १९४० मध्ये चॅनेल बेटे राखण्यात लष्करी अर्थ नाही असे लंडनने ठरवले आणि तेथील सैन्य काढून घेतले. बेटे निःशस्त्र झाल्याची बातमी जर्मनांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. २८ जूनला त्यांच्या विमानांनी गर्न्सी आणि जर्सीवर बॉम्ब टाकले. सेंट पीटर पोर्टच्या बंदरात टोमॅटो घेऊन उभ्या असलेल्या मालमोटारी त्यांना लष्करी ताफा वाटल्या. त्या दिवशी दोन्ही बेटांवर मिळून ४४ माणसे मेली आणि त्यानंतर ९ मे १९४५ पर्यंत तेथे जर्मनांचा अंमल राहिला. सैन्य काढण्याचा निर्णय युद्धशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेलही; पण ‘फुकटचे संरक्षण’ हा शब्दप्रयोग करणाऱ्याने ही पाच वर्षे हिशेबात धरायला हवीत.

संसद उद्या वसूल करू शकेल काय? बेटांसाठी कायदा करण्याचा अंतिम अधिकार वेस्टमिन्स्टरला आहे, असे ब्रिटिश सरकार मानते आणि बेटे त्याला मर्यादा असल्याचे सांगतात. हा वाद मुद्दाम धसाला लावला गेलेला नाही. बेटांच्या अंतर्गत करांत त्यांच्या संमतीशिवाय हात घालायचा नाही ही प्रथा मात्र पक्की आहे, आणि ज्यांचा प्रतिनिधी सभागृहात नाही त्यांच्यावर कर बसवण्याचा काय परिणाम होतो, हे ब्रिटन अमेरिकेत एकदा शिकले आहे.

म्हणूनच १९८०च्या दशकात लंडनने संरक्षणखर्चातील वाट्याची गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा ती वाटाघाटीतूनच सुटली. जर्सीने जर्सी फील्ड स्क्वाड्रन हे रॉयल इंजिनिअर्सचे राखीव पथक बेटावर उभे करून त्याचा खर्च उचलण्याचे मान्य केले. पथक ब्रिटिश सैन्याचे, पैसा जर्सीचा.

आता ती खरी तक्रार. २०२३-२४ मध्ये ब्रिटनचा संरक्षणखर्च सुमारे ५,४०० कोटी पाउंड होता, म्हणजे माणशी साधारण ८०० पाउंड. तिन्ही बेटांची मिळून लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे, त्या हिशेबाने त्यांचा वाटा २० कोटी पाउंडांच्या घरात जातो. बेटे प्रत्यक्षात देतात ते याच्या जवळपासही येत नाही. ‘फार कमी देतात’ असे कोणी म्हटले, तर त्याचे म्हणणे ऐकावे लागेल, आणि बेटांची श्रीमंती पाहता मला स्वतःला ते बरेचसे पटते. ‘काहीच देत नाहीत’ हे म्हणणे त्याहून वेगळे आहे आणि ते खोटे आहे.

१९८०च्या दशकातल्या त्याच वाटाघाटींतून गर्न्सीने पत्करलेले ओझे तर आकड्यात मांडणेही अवघड आहे. गर्न्सीच्या कारभाराशी जोडलेल्या ऑल्डर्नी बेटावर ब्रिटिश नौदलाने फ्रान्सच्या शेरबूर बंदरावर नजर ठेवून १८४७ मध्ये एक प्रचंड लाटरोधक बांध बांधायला घेतला. तो १८६४ पर्यंत सुमारे १,४३० मीटर लांब झाला. बाहेरचा भाग समुद्राने खाल्ल्यावर सोडून द्यावा लागला आणि आज सुमारे ८७० मीटर उभा आहे. १९८७ पासून संरक्षणातील आपला वाटा म्हणून त्याची देखभाल गर्न्सी करते. रोख वर्गणीची रक्कम करारात लिहिता येते. या बांधाचे दरसालचे बिल किती होणार, हे हिवाळ्यातल्या वादळांवर अवलंबून असते.