‘नवे शॉकप टाकूनही गाडी पुढून बसलेलीच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार अशी: आमच्याकडून तुमच्या पिकअपचे पुढचे दोन शॉकप (शॉक अॅब्सॉर्बर) नेले, घरीच बसवले, तरी गाडी पुढून खालीच राहिली. मग टॉर्शन बारचे (गाडीचं वजन पेलणाऱ्या सळईचे) बोल्ट आवळून उंची घेतली, तर आता ब्रेकरवर ‘खट्ट’ वाजतं, उजवा टायर बाहेरच्या कडेने खातोय, आणि आम्ही शॉकप परत घ्यायला तयार नाही.

आधी तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल बोलतो, ते स्टारपेक्षा मोठं आहे. चाक काढलंय, गाडी नुसत्या जॅकवर उभी आहे, चेसिसखाली घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) नाही आणि तुमचे पाय गाडीखाली दिसतायत. दादा, असं पुन्हा करू नका. जॅक उचलण्यापुरता असतो. त्याचं सील सुटलं किंवा मातीत बूड कललं तर बाहेर निघायला वेळ मिळत नाही. घोड्या नसतील तर दुकानातून दोन घेऊन जा, काम झालं की आणून द्या. भाडं नको.

आता शॉकपचं. तुमच्या पिकअपच्या पुढच्या भागाचं वजन शॉकप उचलत नाही. ते टॉर्शन बार उचलतो, म्हणजे खालच्या आर्मपासून (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या हातापासून) मागे गेलेली ती लांब पोलादी सळई. तिला बसलेला पीळ गाडी तोलून धरतो. चाक वर-खाली झाल्यावर गाडी डुलत राहू नये, एवढंच शॉकपचं काम. म्हणून बसलेली गाडी नव्या शॉकपने उठत नाही, कुठल्याही कंपनीचा टाका. गॅसचा असला तर अगदी किंचित फरक पडतो. हे काउंटरवर आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण उंचीसाठी शॉकप मागायला येणारे फार असतात.

तुमच्याच लिहिण्यानुसार उजवा बोल्ट साडेतीन फेरे आवळला आणि डावा दोन. आवाजाचं मूळ मला तिथंच दिसतं. बार जास्त आवळला की आर्म खाली झुकतो आणि चाकाला आणखी खाली जायला जागाच उरत नाही. ब्रेकर ओलांडताना चाक खाली सुटतं, आर्म स्टॉपरवर आपटतो किंवा शॉकप पूर्ण ताणून अडतो. तेच ‘खट्ट’. नवा शॉकपसुद्धा असा रोज ताणला तर लवकर जाईल. टायरचंही तेच: उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते) दोन्ही बदलतात. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवून घेणं, केल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

घरी करायचं असेल तर जरूर करा, काम अवघड नाही. सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी करा, चारही टायरची हवा बरोबर हवी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजू. नंतर पुढची दोन्ही चाकं अधांतरी उचलून चेसिस घोड्यांवर टेकवा आणि मगच बोल्ट फिरवा. वजन असताना फिरवला तर आटे जातात. आट्यांना ग्रीस लावा, एका वेळी अर्धा-एक फेराच द्या. गाडी खाली घेतली की लगेच मोजू नका. टायर जमिनीला अडकून राहतात, म्हणून थोडी मागे-पुढे चालवा, बॉनेट दाबून हलवा, मग टेप लावा. एका बाजूला दिलेला फेरा दुसऱ्या बाजूचंही माप हलवतो, त्यामुळे हे दोन-तीनदा करावं लागतंच. मूळ उंचीच्या फार वर जाऊ नका. शॉकपच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांचे बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसून ते फाटतं. हे सगळं झालं की अलाइनमेंट.

शॉकपच खराब आहे की नाही हे तुम्ही आत्ताच बघू शकता. नळीवर तेल ओघळलंय का पाहा. पुढचा कोपरा जोरात दाबून सोडा: एकदा वर येऊन गाडी थांबली तर शॉकप काम करतोय, डुलतच राहिली तर नाही.

बसवून वापरलेला शॉकप परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि त्यात बदल करणार नाही. खराब मालाची गोष्ट वेगळी. रविवार सोडून कधीही सकाळी गाडी रिकामी घेऊन या. तुमच्यासमोर दोन्ही शॉकप काढून दाबून दाखवू. तेल गळत असेल किंवा दांडा मध्येच मोकळा जात असेल तर जोडी बदलून देऊ. शॉकप चांगले निघाले तर बार लेव्हल करून देऊ, त्याची मजुरी घेणार नाही. अलाइनमेंट शेजारच्या दुकानात होते, ते पैसे तुम्हाला द्यावे लागतील. तोपर्यंत दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे सैल करा आणि गाडीत माल भरून लांब जाऊ नका.