'नुव्वे कावाली': घरात सगळेच चांगले असले की…

प्रेमकथेला खलनायक लागतोच, त्याशिवाय सिनेमा उभा राहत नाही, असं परवा एका ग्रुपवर वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात 'नुव्वे कावाली' फिरतोय. 'तूच हवीस' असं सरळ सांगणारं नाव. १३ ऑक्टोबर २००० रोजी आलेला तेलुगू सिनेमा. तरुण आणि रिचा पल्लोड ही नवी जोडी. तरुणने लहानपणी मणिरत्नम यांच्या 'अंजली'त काम केलं होतं, पण नायक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा.

यात खलनायक नाही. घराबाहेर काढणारा बाप नाही, डाव रचणारा काका नाही. शेजारी-शेजारी दोन घरं, दोन्हीकडचे आईबाप एकमेकांचे जिवलग आणि जन्मापासून एकत्र वाढलेली दोन मुलं, तरुण (पात्राचं नावही तरुणच) आणि मधू. कुणाच्या स्वयंपाकघरात कोण जेवतंय हे बघायचं नाही, इतका घरोबा. आता सांगा, अडचण कुठून येणार?

अडचण या घरोब्यातूनच येते आणि म्हणून मला हा सिनेमा इतका खरा वाटतो. मधू स्पर्धेसाठी बाहेरगावी जाते आणि ती दिसेनाशी झाल्यावर त्याला कळतं की हे नुसतं मैत्रीचं नाही. ती परत येते ती दुसऱ्या मुलाचा विषय घेऊन. तिकडे गाठ पडलेला, तिच्यासोबत स्टेजवर गायलेला मुलगा. साईकिरणने तो केलाय. मुलगा चांगला, घरचे चांगले, नाव ठेवायला जागाच नाही. ती पहिल्यांदा कुणाला सांगणार? तरुणलाच. आणि तो हसून ऐकून घेतो.

नंतर मधूलाही स्वतःचं मन कळतं, पण तोवर लग्न ठरलेलं असतं. आता दोघांना माहीत आहे आणि दोघं गप्प आहेत. कारण एकच: आपण बोललो तर या दोन घरांचं काय होईल? ज्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला, त्यांना काय वाटेल? आईबाप रागीट असते तर ही मुलं कदाचित भांडली असती, पळून गेली असती. चांगल्या आईबापांशी भांडणार कसं? वाईट माणसापुढे तोंड उघडणं सोपं असतं हो. ज्याने आपल्याला फक्त मायाच दिली, त्याच्यापुढे 'मला हे नकोय' म्हणताना जीभ रेटत नाही. आपल्याकडची किती लग्नं या एका अवघडलेपणात लागली असतील, विचार करून बघा.

त्या वर्षांत तेलुगू पडद्यावर वेगळंच काही चाललं होतं, हेही लक्षात घ्या. १९९९ ला 'समरसिंह रेड्डी', २००१ च्या संक्रांतीला 'नरसिंह नायडू'. दोन्ही तेलुगू स्टार बालकृष्णचे, दोन्ही तुफान चाललेले. आंध्रच्या रायलसीमा भागातली घराण्यांची वैरं आणि रक्तपात. या दोघांच्या मधोमध रामोजी राव यांची उषाकिरण मूव्हीज आणि स्रवंती रवी किशोर यांनी नवख्या पोरांचा हा सिनेमा आणला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. उत्तम तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट मूळची मल्याळम, कमल यांच्या १९९९ च्या 'निरम'ची. तेलुगूत दिग्दर्शन के. विजय भास्कर यांचं, संगीत कोटी यांचं. पण माझ्या मते या सिनेमाचा जीव आहे त्रिविक्रम श्रीनिवास यांच्या संवादांत. पुढे तो मोठा दिग्दर्शक झाला, तेव्हा फक्त लेखक होता. त्याची माणसं घरातल्यासारखी बोलतात, चेष्टा करता करता एखादं वाक्य असं टाकतात की समोरचा गप्प होतो.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी हैदराबादला काढली, अमीरपेटच्या एका लेडीज हॉस्टेलवर. रविवारी दुपारी टीव्हीवर हा सिनेमा लागला की ताटं घेऊन सगळ्या हॉलमध्ये. पप्पू-अन्नम म्हणजे वरण-भात, वर आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, हात ताटातच वाळलेले. पोरींना संवाद पाठ. मला तेव्हा तेलुगू जेमतेम कळायचं, माझी राजमंड्रीची रूममेट कानात सांगत राहायची. मधू त्या मुलाबद्दल तरुणला सांगते, त्या प्रसंगाला मात्र तीही गप्प व्हायची. आणि गुंटूरची एक मुलगी नेमकी तेव्हाच उठून ताट धुवायला जायची. दर वेळी. तिने कधी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

आता 'फ्रेंडझोन' या शब्दाबद्दल बोलते, कारण मला त्याचा खरोखर राग येतो. जणू मैत्री म्हणजे पराभव, प्रेम न मिळालेल्यांना बसवून ठेवायची खोली! 'नुव्वे कावाली'त तरुणला भीती वाटते ती नकाराची नाही. नकार तो पचवेल. त्याला भीती आहे की आपण बोलल्यावर मधू पूर्वीसारखी हक्काने भांडणार नाही, खोलीत न विचारता शिरणार नाही. प्रेम मिळेल की नाही माहीत नाही, पण हातातली मैत्री तर जाईल. ज्याला असा मित्र किंवा मैत्रीण आहे त्याला ही भीती लगेच कळेल. मैत्रीची किंमत इतकी वर लावणारे प्रेमपट मी फार कमी पाहिलेत. चित्राच्या आवाजात एक गाणं आहे, माझ्या डोळ्यांत डोळे घालून का बघत नाहीस, असं विचारणारं. जी माणसं आयुष्यभर एकमेकांसमोर वावरली, त्यांनाच आता एकमेकांकडे बघता येत नाही. मी ते गाणं आजही पुरतं ऐकू शकत नाही.

आपल्याकडे हा सिनेमा पोहोचला तो वेगळ्या नावाने. विजय भास्कर यांनीच तो हिंदीत केला, जानेवारी २००३ चा 'तुझे मेरी कसम'. निर्मिती पुन्हा उषाकिरणची. रितेश देशमुख आणि जेनेलिया, दोघांचाही पहिला सिनेमा. त्यांची पहिली भेटसुद्धा याच सिनेमाच्या निमित्ताने, हैदराबादला. मैत्रीतून प्रेम, २०१२ ला लग्न आणि आज अख्खा महाराष्ट्र तिला वहिनी म्हणतो. पुढे २०२२ ला रितेशने स्वतः दिग्दर्शन करून 'वेड' आणला, तोही तेलुगू 'मजिली'वरून. आपल्या लाडक्या दादा-वहिनींच्या गोष्टीला दोन्ही टोकांना तेलुगू सिनेमा आहे, हे मला फार आवडतं. 'वेड' पाहून रडलेल्यांनी एकदा मागे जाऊन 'नुव्वे कावाली' बघाच. सबटायटल नसली तरी अडणार नाही.

एवढं प्रेम असूनही एक तक्रार आहे आणि ती वय वाढेल तशी वाढतेय. शेवट गोड होतो तो मोठ्यांना कळल्यामुळे. त्यांना उमगतं, ते मान्य करतात आणि गाठ सुटते. मुलांनी स्वतःहून समोर बसून 'आम्हाला हे हवंय' म्हटलेलंच नसतं. २००० साली मला हे फार सुंदर वाटलं होतं, आईबापांचा मोठेपणा म्हणून. आता वाटतं, नसतं कळलं तर? मधू मुकाट्याने बोहल्यावर चढली असती आणि सगळ्यांनी तिला शहाणी, गुणाची मुलगी म्हटलं असतं. ज्याच्याशी लग्न ठरलं त्या मुलालाही कुणी विश्वासात घेत नाही. त्याचा काय गुन्हा? त्याने मनापासून प्रेम केलं, रीतसर मागणी घातली.

म्हणून कुणी हा सिनेमा आज पुन्हा करणार असेल, मराठीत केला तर दुधात साखर, तर माझं एवढंच मागणं आहे. दोन घरं तशीच ठेवा, मैत्री तशीच ठेवा, खलनायक मुळीच आणू नका. फक्त मधूला दिवाणखान्यात सगळ्यांसमोर आणा आणि तिचं तिला बोलू द्या. आणि त्याआधी तिला त्या दुसऱ्या मुलाशी एकटीने, नीट बोलू द्या. तो प्रसंग कापू नका.